साठ ओहमची शेगडी

थोरलीला गल्लीत सगळे कॉइलताई म्हणत. इस्त्री, हीटर, गिझर, ज्याच्यात म्हणून तार तापते ते सगळं तिच्याकडे दुरुस्तीला यायचं. हात सोन्याचे, पण तोंड तिखट. गिऱ्हाइकाने "ताई, कधी मिळेल?" असं दुसऱ्यांदा विचारलं की ती वस्तू तशीच उघडी-नागडी त्याच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, आत्ता मिळाली." माणूस चरफडत जायचा आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत यायचा, कारण तिने भरलेली कॉइल दहा-दहा वर्षं जळायचं नाव घेत नसे.

दुकानाचा नियम एकच, पण कडक. हाताने फिरवायच्या यंत्रावर तार गुंडाळताना थोरली वेढे मोठ्याने मोजायची, आणि ती मोजत असताना कुणी बोलायचं नाही. आकडा चुकला की तार कमीजास्त होणार, तार कमीजास्त झाली की कॉइल एक तर जळून जाणार, किंवा गारठून बसणार. नियम वडिलांपासूनचा. "घराला आग लागली तरी आधी आकडा पुरा होऊ द्या, मग बोंबला," असं ते म्हणायचे. दोघी बहिणी त्या शिस्तीतच लहानाच्या मोठ्या झाल्या.

दोघी म्हणजे ही थोरली आणि वरच्या मजल्यावरची धाकटी. धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची. वडिलांनी थोरलीला सातवीतून काढून यंत्रावर बसवलं आणि धाकटीला शिकू दिलं. त्याचं थोरलीला कधी वाईट वाटलं नाही. उलट तीच म्हणाली होती, "हिला शिकूच द्या बाबा, हिची बोटं कशाच्याच कामाची नाहीत." पुढे त्याच धाकटीने भाजी निवडता निवडता तिला गणित शिकवलं. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स निघतो, म्हणजे तार विजेला किती अडवते ते ओहममध्ये कळतं. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट निघतात, म्हणजे ती किती तापणार ते कळतं. "लक्षात ठेव ताई, भागलं की अडवणूक, गुणलं की ऊब." तोवर थोरली अंदाजपंचे तार तोडायची. त्या संध्याकाळपासून ती भागाकार करून तोडायला लागली आणि तिचं नाव झालं.

अशा या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आणि तेही एकाच घरात, बरं का! खाली दुकान, दुकानामागे थोरलीची खोली, वर धाकटी, मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. दोघींनी लग्नं केली नाहीत, आईवडील गेलेले, एकीला दुसरीशिवाय जगात कोणी नाही. आणि भांडल्या कशावरून, तर चाळीस कॉइलींवरून. शाळेच्या प्रयोगशाळेला दहा-दहा ओहमच्या चाळीस कॉइली हव्या होत्या. धाकटीने थोरलीचं नाव सुचवलं. थोरलीने जीव ओतून त्या भरल्या, लाकडी डबीत बसवल्या, पॉलिश केल्या. धाकटीने शाळेत मोजल्या तर साडेनऊ ओहम. चाळीसच्या चाळीस! तिने हेडमास्तरांसमोर "नाकारले" असा शिक्का मारून खोकं परत पाठवलं, शिपायाच्या हाती, भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना.

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळी जिन्याच्या तळाशी तिने धाकटीला अडवलं. "घरी येऊन सांगता येत नव्हतं? बहीण आहे ना मी तुझी?"

"प्रयोगशाळेत कोणी बहीण नसते, ताई. साडेनऊ म्हणजे साडेनऊ."

"माझ्या मीटरवर दहा आहेत!"

"मग तुझा मीटर खोटा."

झालं. त्यावर थोरली म्हणाली की आजपासून मला ताई म्हणू नकोस, आणि धाकटीने ते अक्षरशः पाळलं. महिन्याभरात थोरलीने मीटरची बॅटरी बदलली, एक कॉइल सहज लावून पाहिली, आणि काटा साडेनऊवर थांबला. म्हणजे धाकटी खरी होती. थोरलीला हे कळलं त्या दिवशी चौदा पायऱ्या चढून जायला एक मिनिट लागलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत अकरा वर्षं गेली.

या अकरा वर्षांत तिने एकच गोष्ट केली, पण ती कळायला थोडं मागे जायला हवं. भांडणाच्या आदल्या हिवाळ्यात धाकटीला न्यूमोनिया झाला होता. खोली वर, भिंती गार, आणि बाजारातल्या हजार वॅटच्या हीटरने तिचा घसा कोरडा पडून खोकला वाढायचा. मग थोरलीने स्वतः एक शेगडी बनवली. तार थोडी वाढव, लावून बघ, पुन्हा वाढव, असं तीन दिवस चाललं, आणि शेवटी साठ ओहमवर धाकटी म्हणाली, "हां, आता कसं, मऊ ऊब आहे." साठ ओहमची शेगडी दोनशे तीस व्होल्टवर जेमतेम नऊशे वॅट देते. बाजारात हजारची मिळते, साडेसातशेची मिळते, नऊशेची कुणी करत नाही. जगात तशी ती एकच होती.

आणि दोन्ही मजल्यांचे विजेचे मीटर जिन्याखाली, दुकानाच्या दाराशेजारी. दर हिवाळ्यात पहिली थंडी पडली की थोरली सकाळी तिथे जायची, वरच्या मजल्याच्या वायरीला क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात धरायची आणि तिच्यातून किती करंट जातो तो आकडा वाचायची. वरचा फ्रीज घरघरायचा थांबला की एकटी शेगडी उरायची. तीन पॉइंट आठ अँपिअर. दोनशे तीस भागिले तीन पॉइंट आठ, साठ. म्हणजे आहे! अजून तीच वापरते आहे! थोरली मीटर खिशात टाकून दुकानात यायची, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांनी तीनदा "कधी मिळेल?" विचारलं तरी ती चिडत नसे.

वेडेपणा म्हणा हवं तर. पण तिला धाकटीची आठवण यायची. डोक्यावर पावलं वाजत असतानाही यायची, किंबहुना तेव्हाच जास्त यायची. तिची चहा फुंकून पिण्याची सवय आठवायची, "ताई, हे बघ ना" असं म्हणत दंड ओढणं आठवायचं, आणि मग ती जेवता जेवता ताट सरकवून द्यायची.

या वर्षी थंडी लांबली. आणि गुरुवारी समोरचा इस्त्रीवाला दुरुस्त झालेली इस्त्री न्यायला आला तेव्हा बोलता बोलता बोलून गेला, "बाई रविवारी चालल्या ना?"

"कोण बाई?"

"वरच्या हो. तुमच्या..." तो अडखळला. "रिटायर झाल्या ना. मैत्रिणीच्या गावी जातायत, कायमच्या. तिच्या शेजारची खोली घेतलीये. चार तासांवर आहे म्हणे. टेम्पो ठरलाय दहाचा."

"बरं," थोरली म्हणाली आणि इस्त्रीची वायर गुंडाळून दिली.

तो गेल्यावर ती बसली ती बसलीच. तीन दिवस! वर जायचं, "चुकलं माझं, जाऊ नकोस" म्हणायचं, बस. पण अकरा वर्षांनी कुठल्या तोंडाने जायचं? आणि तिने दार लावून घेतलं तर? शुक्रवारी एकदा चार पायऱ्या चढून ती परत आली. मग तिने मनाशी एक अट घातली. थंडी पडली आणि वर अजून आपलीच शेगडी लागली, तर आपल्याला तिथे जागा आहे. मग काही होवो, जायचं. आणि शेगडी फेकून दिली असेल तर प्रश्नच मिटला. मनाला असला पळपुटेपणा बरोबर सुचतो.

शनिवारी रात्री थंडी अशी पडली की सकाळी नळाला हात लावता येईना. रविवारी आठ वाजता थोरली शाल गुंडाळून जिन्याखाली उभी राहिली. वर खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. फ्रीज तर कालच बंद झाला होता. तिने चिमटा वायरीवर बसवला.

तीन पॉइंट दोन सात.

तिने चिमटा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीन पॉइंट दोन सात. दोनशे तीस भागिले तीन पॉइंट दोन सात. हा भागाकार तिला कागदाशिवाय यायचा. सत्तर ओहम. गुणाकारही आपोआप झाला, साडेसातशे वॅट. बाजारातला साडेसातशेचा हीटर, कुठल्याही दुकानात मिळतो तसला.

म्हणजे फेकली.

"बरं झालं," ती स्वतःशीच म्हणाली, "बरंच झालं की, चौदा पायऱ्या वाचल्या." दुकानात येऊन तिने यंत्रावर तार चढवली, एकशे ऐंशी वेढ्यांच्या कॉइली होत्या, आणि दात ओठ खात एकामागून एक भरायला लागली.

दहाचा टेम्पो साडेनऊलाच आला. सामान उतरत होतं, हमालांची पावलं धाडधाड जात होती. थोरली मान वर करत नव्हती. मग पावलं थांबली आणि हलकी, ओळखीची चाल चौदा पायऱ्या उतरून आली आणि दुकानाच्या दारात थांबली.

"एकशे बारा, एकशे तेरा..." थोरली मोजत होती.

धाकटी दारात उभी राहिली. हातात पर्स, गळ्याभोवती मफलर. ती काही बोलली नाही. कशी बोलणार? मोजत असताना बोलायचं नाही, हे तिला पाळण्यातल्यापासून ठाऊक. ती वाट बघत होती.

"एकशे एकोणऐंशी, एकशे ऐंशी."

तार संपली. आता थांबायचं, मान वर करायची, एवढंच उरलं होतं. आणि थोरलीच्या तोंडून पुढचा आकडा निघाला. "एकशे एक्याऐंशी. एकशे ब्याऐंशी." यंत्र रिकामं फिरत होतं आणि ती मोजत होती. काय करणार, थांबली असती तर बोलावं लागलं असतं, आणि बोलायला गेली असती तर रडली असती. साडेसातशे वॅटच्या बाजारी हीटरपायी रडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. दोनशे दहा. दोनशे वीस. दोनशे चाळीसला तिने चोरून पाहिलं तेव्हा दार मोकळं होतं. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन मिटला.

दुपारी तीनच्या सुमाराला इस्त्रीवाला तणतणत आला आणि इस्त्री टेबलावर आपटली. "ताई, कॉइल भरून आठवडा नाही झाला आणि इस्त्री गरमच होत नाही! सकाळपासून एक शर्ट म्हणून सरळ होत नाहीये."

"माझी कॉइल आहे ती," थोरली कडाडली. आज तिला भांडायला कोणी तरी हवंच होतं. तिने इस्त्रीला मीटर लावला. "सत्तर ओहम. बघा, डोळ्यांनी बघा! सत्तरची भरली होती, सत्तरचीच आहे."

"मग तापत का नाही?"

"तुम्हाला वापरता येत नाही म्हणून. दोनशे तीस व्होल्ट देताय ना तिला? हे बघा, असे दोनशे तीस..." आणि तिने मीटरच्या दोन्ही सुया भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातल्या.

एकशे अठ्ठ्याण्णव.

इस्त्रीवाल्याने वाकून पाहिलं. "हे काय, दोनशेसुद्धा नाहीत! तरीच म्हटलं. गल्लीच्या टोकाच्या नव्या सात मजली इमारतीत सगळ्यांनी हीटर लावलेत. माझी इस्त्री सकाळी तर याहून मरगळली होती."

थोरलीने वर दिव्याकडे पाहिलं. जुना पिवळा बल्ब असता तर सकाळीच मंद झालेला दिसला असता, पण दुकानात आता एलईडी, तिला दीडशे व्होल्ट दिले तरी ती आपली दात काढून हसते. आणि आपण? आपण वायरीतला करंट मोजला, आणि व्होल्ट मोजलेच नाहीत. वर्षानुवर्षांच्या सवयीने दोनशे तीस धरून मोकळ्या झालो! शिकाऊ पोरगीसुद्धा असं करणार नाही.

तिने खडू घेतला आणि टेबलावरच लिहिलं. तीन पॉइंट दोन सात गुणिले साठ. एकशे शहाण्णव. म्हणजे शेगडी साठची असेल तर सकाळी व्होल्ट एवढेच हवेत, आत्ताच्याहून जरासे कमी.

"ताई, बसा, बसा आधी," इस्त्रीवाला म्हणाला. "पाणी आणू का?"

साठच असणार. तीच शेगडी. खोकी बांधून झाली, फ्रीज बंद झाला, तरी शेवटपर्यंत बाहेर ठेवली ती तीच. तिचा हात आपसूक पुढचा हिशोब करत होता. एकशे शहाण्णव गुणिले तीन पॉइंट दोन सात, सहाशे एक्केचाळीस. नऊशेच्या जागी साडेसहाशेसुद्धा नाहीत, आणि एवढ्या थंडीत माझी पोर त्या उबेपुढे बसून माझी वाट बघत होती. थोरलीला हुंदका आवरेना. इस्त्रीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा कॉइलताईला रडताना पाहिलं आणि तो बिचारा आपली इस्त्रीच पुसत बसला.

"तिचा नंबर आहे तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"आहे की. दोन शाली राहिल्यात बाईंच्या माझ्याकडे. लावून देऊ?"

त्याने फोन लावून दिला आणि शहाणा माणूस, दाराबाहेर जाऊन उभा राहिला. पलीकडे रिंग गेली. एकदा, दोनदा, पाचदा.

"हं, बोला. शालींचं ना?" धाकटीचा आवाज. मागे खोकी उघडल्याची खरखर.

थोरलीला किती काय बोलायचं होतं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "आज सकाळी आठला वर व्होल्टेज किती होतं?"

खरखर थांबली.

"एकशे शहाण्णव," धाकटी म्हणाली. "शेगडी लाल होईना म्हणून मोजलं होतं. का?"

"मी मोजलं नाही गं." थोरलीचा आवाज फुटला. "मी दोनशे तीस धरलं. सत्तर आलं. मला वाटलं तू टाकलीस ती. दर वर्षी बघते मी खाली वायरीवर, दर थंडीत, साठ आहे का ते. या खेपेला ठरवलं होतं की साठ आलं तर वर येईन, तुला जाऊ नको म्हणेन. आणि त्या चाळीस कॉइली साडेनऊच्याच होत्या, माझी बॅटरी उतरली होती, मला महिन्यातच कळलं होतं. अकरा वर्षं कळलेलंच आहे. चुकलं माझं. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"मग बोल की काहीतरी!"

"काय बोलू?" धाकटीचा आवाज चढला. "एक जिना होता, ताई! चौदा पायऱ्या! आणि बहिणीला विचारायचं सोडून तू वायरीला विचारत बसलीस? अकरा वर्षं?"

ताई. थोरलीने टेबलाची कड घट्ट धरली.

"आणि आज मी दारात उभी होते," धाकटी रडत होती, आणि चिडून आणखी रडत होती. "एकशे ऐंशीला तार संपली. मी पण त्याच घरातली आहे, मला वेढे दिसतात. पुढचे साठ आकडे तू रिकामे मोजलेस. एकेक ऐकला मी. दोनशे चाळीसला निघाले. मला वाटलं, हिला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही."

"तसं नव्हतं गं."

"मग कसं होतं?"

"थांबले असते तर रडले असते."

"मग रडायचं होतंस!"

बाहेर इस्त्रीवाला उगाचच रस्त्याकडे बघत उभा होता. थोरलीने नाक पुसलं. अकरा वर्षांत न विचारलेला प्रश्न तिने विचारला. त्याला फार ताकद लागली.

"येऊ का मी तिकडे? उद्या पहाटेची गाडी मिळेल."

"उद्या नको."

थोरलीने फोन कानावर आणखी दाबला.

"उद्या नको," धाकटी पुन्हा म्हणाली. "मला तुझा राग आलाय. अकरा वर्षं वाटायचं, तू आपणहून येशील. आणि आता मी निघून आल्यावर येतेस. एक दिवस तरी मला पोटभर रागवू दे. परवा ये. सकाळची गाडी धर. मी स्टँडवर येईन."

"परवा," थोरली म्हणाली.

"परवा. आणि गळ्याला काहीतरी गुंडाळून ये. इथे फार गार आहे."

फोन बंद झाला. इस्त्रीवाला आत आला, त्याने आपला फोन हळूच घेतला, इस्त्री उचलली आणि पैशाबिशाचं काही न बोलता निघून गेला. थोरलीने यंत्राकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत दोन गिझर द्यायचे होते. तिने तार चढवली, दांडा धरला आणि मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि सतराच्या पुढे आकडा कुठे गेला ते तिला कळेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली. अकरा वर्षं तिने काढली होती. आता परवापर्यंतचा वेळ कसा काढायचा, हे तिला कळत नव्हतं.